दवाखान्यातून दिल्लीला: डॉक्टरांच्या राजकारणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत माझा दवाखाना आहे. पेशंट तपासून झाल्यावर उरलेल्या वेळात डॉक्टर-राजकारण्यांबद्दल वाचणं आणि लिहिणं हा माझा जुना नाद. त्यामुळे मेडिकलची पोरं, त्यांचे आईवडील, गावाकडचे कार्यकर्ते, कधी केसपेपर हातात धरून समोर बसलेला पेशंटही प्रश्न विचारतो. तेच तेच प्रश्न पुन्हा यायला लागले म्हणून एकत्र केले. सोपे आधी, अवघड शेवटाकडे.

१. डॉक्टरला खासदार व्हायचं असेल तर काही वेगळी पात्रता लागते का?

नाही. राज्यघटनेच्या कलम ८४ प्रमाणे भारतीय नागरिकत्व आणि वय, एवढंच. लोकसभेला किमान २५ वर्षं, राज्यसभेला ३०. देशातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलं की झालं. म्हणजे कोल्हापूरचा मतदार साताऱ्यातून किंवा थेट वाराणसीतूनही लोकसभेला उभा राहू शकतो. अनामत रक्कम २५,००० रुपये (अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी) आणि एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जप्त. आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराची खर्चाची मर्यादा ९५ लाख आहे.

वयाचा हिशोब मुलं हमखास विचारतात. एमबीबीएस आणि इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं जातात, म्हणजे सरळ पास होत गेलेला मुलगा चोविसाव्या वर्षी मोकळा होतो. २५ला अर्ज भरता येतो हे खरं. पण एवढ्या वयात रक्तदाबाचे शंभर पेशंटसुद्धा वर्षभर सांभाळलेले नसतात. माझं मत विचाराल तर आधी पाच-सात वर्षं ओपीडी करा.

२. नावाआधी ‘डॉ.’ आहे म्हणजे तो पेशंट तपासणारा डॉक्टरच ना?

हा घोळ कायमचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया आणि लंडनच्या अर्थशास्त्रातल्या पदव्यांमुळे डॉक्टर. डॉ. मनमोहन सिंग ऑक्सफर्डचे, तेही अर्थशास्त्राचेच. देशाचे कृषिमंत्री राहिलेले डॉ. पंजाबराव देशमुख हेही वैद्यकीय डॉक्टर नव्हेत. आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण म्हणजे डॉ. डी. वाय. पाटील. त्रिपुरा आणि बिहारचे राज्यपाल झाले, त्यांच्या नावाची मेडिकल कॉलेजं उभी राहिली, म्हणून पुष्कळ लोक त्यांना वैद्यकीय डॉक्टर समजतात. ते त्या व्यवसायातले नव्हेत.

उलटही होतं. ज्यांचं वैद्यकीय शिक्षण लोक विसरून गेले असे पट्टाभि सीतारामय्या. काँग्रेस अध्यक्षपदाच्या निवडणुकीतला ज्यांचा पराभव गांधीजींनी स्वतःचा पराभव मानला तेच हे. मछलीपट्टणमला त्यांची प्रॅक्टिस होती.

उमेदवाराची खात्री करून घ्यायची असेल तर अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र (नमुना २६) निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं, त्यात शिक्षण लिहिलेलं असतं. एमबीबीएसवाल्याची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, आयुर्वेदाची आणि होमिओपॅथीची त्यांच्या त्यांच्या परिषदांकडे असते.

३. डॉक्टरांनी राजकारणात जायची पद्धत अलीकडची आहे का?

अजिबात नाही. हकीम अजमल खान १९२१ साली काँग्रेसचे अध्यक्ष होते, सर्जन असलेले डॉ. एम. ए. अन्सारी १९२७ साली. मद्रास प्रांताच्या विधान परिषदेत १९२७ साली गेलेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी देवदासी प्रथेविरुद्ध विधेयक आणलं. ते कायदा होऊन यायला १९४७ उजाडलं. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आपल्यापासून लांब नाही, त्या प्रथेची झळ गडहिंग्लज-निपाणी पट्ट्याने पाहिलेली आहे. म्हणून हे उदाहरण मला जवळचं वाटतं.

पण मेडिकलच्या मुलांना मी पुण्याचं एक दृश्य सांगतो. आगाखान पॅलेस, फेब्रुवारी १९४३. गांधीजी ७३ वर्षांचे, कैदेत, आणि १० तारखेपासून २१ दिवसांचा उपवास सुरू. खाटेभोवती सरकारी डॉक्टर आहेत आणि त्यांच्याबरोबर तीन आपले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर, तरुण डॉ. सुशीला नायर, आणि कलकत्त्याहून आलेले डॉ. बिधनचंद्र रॉय. लघवीचं प्रमाण, नाडी, मळमळ, पाणी पोटात राहतंय की नाही याच्या नोंदी होताहेत, बुलेटिन निघताहेत. ३ मार्चला उपवास सुटला.

आता त्या तिघांचं पुढचं-मागचं बघा. गिल्डर त्याआधीच १९३७ ते १९३९ मुंबई प्रांताचे मंत्री होऊन गेले होते, दारूबंदीचं खातं त्यांच्याचकडे होतं. रॉय पुढे पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री झाले. सुशीला नायर १९६२ ते १९६७ देशाच्या आरोग्यमंत्री. एका खाटेभोवतीचे तीन डॉक्टर, तिघेही राज्यकारभारात. आणि त्या क्षणी तिघांचंही लक्ष फक्त एका माणसाच्या नाडीवर. मला हे चित्र फार मोठं वाटतं.

४. बिधनचंद्र रॉय मुख्यमंत्री असतानाही पेशंट बघायचे हे खरं आहे का?

खरं आहे. सकाळी घरी ते लोकांना फुकट तपासत. १९११ साली इंग्लंडहून परतले तेव्हा त्यांच्याकडे एमआरसीपी आणि एफआरसीएस दोन्ही होतं, मेडिसिन आणि सर्जरी दोन्ही टोकांच्या पदव्या. १९२३च्या निवडणुकीत बराकपूरमधून त्यांनी सुरेंद्रनाथ बॅनर्जींसारख्या दिग्गजाला पाडलं. नंतर कलकत्त्याचे महापौर, विद्यापीठाचे कुलगुरू, आणि जानेवारी १९४८ पासून मरेपर्यंत मुख्यमंत्री. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत होते तो काळ. दुर्गापूर, कल्याणी, सॉल्ट लेक ही त्यांच्याच कारकिर्दीतली कामं. १९६१ साली भारतरत्न मिळालं. जन्म १ जुलै १८८२, मृत्यू १ जुलै १९६२. आपण १ जुलैला डॉक्टर्स डे करतो तो त्यांच्यामुळे.

फक्त एक लक्षात घ्या: त्यांच्यावेळी मुख्यमंत्र्याच्या दारात आजच्यासारखी गर्दी आणि कॅमेरे नव्हते. आजच्या नियमांचं काय, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

५. महाराष्ट्रातून असे डॉक्टर संसदेत कोण कोण गेले?

अलीकडची काही नावं. डॉ. सुभाष भामरे, धुळे, कर्करोग सर्जन, पुढे संरक्षण राज्यमंत्री. डॉ. भागवत कराड, बालशल्यचिकित्सक, राज्यसभेतून गेले आणि अर्थ राज्यमंत्री झाले. डॉ. भारती पवार, दिंडोरी, २०२१ ते २०२४ आरोग्य राज्यमंत्री. डॉ. हीना गावित, डॉ. प्रीतम मुंडे, न्यूरोसर्जन डॉ. सुजय विखे हेही लोकसभेत होते. २०२४ साली निवडून आलेल्यांत कल्याणचे डॉ. श्रीकांत शिंदे आणि पालघरचे डॉ. हेमंत सावरा हे दोघे हाडांचे डॉक्टर, लातूरचे डॉ. शिवाजी काळगे डोळ्यांचे, आणि शिरूरचे डॉ. अमोल कोल्हे, ज्यांना आपण पडद्यावरच्या छत्रपतींच्या भूमिकांमुळे ओळखतो, तेही एमबीबीएस. पक्ष बघाल तर सगळीकडचे आहेत.

६. मग कोल्हापुरातून का नाही?

२०२४ साली कोल्हापूरमधून शाहू छत्रपती आणि हातकणंगल्यातून धैर्यशील माने निवडून आले. दोघेही डॉक्टर नाहीत. यात कुणाचा दोष नाही, आपल्या जिल्ह्यातली वाटच वेगळी आहे. इथे माणूस वर येतो तो साखर कारखाना, गोकुळ दूध संघ, केडीसीसी (जिल्हा बँक), बाजार समिती, नाहीतर तालीम यांतून. गावातली दूधसंस्था आणि सेवा सोसायटी ज्याच्या हातात, त्याच्याकडे बूथवर बसायला माणसं असतात.

डॉक्टरचा दिवस याच्या नेमका उलट. सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते दहा तो खुर्चीला बांधलेला. कार्यकर्त्याला मयत, सकाळचं रक्षाविसर्जन, बारसं, जोतिबाची यात्रा, कुस्तीचं मैदान सगळीकडे दिसावं लागतं. रक्षाविसर्जनाला कोण आलं होतं हे घरची माणसं वीस वर्षं विसरत नाहीत. डॉक्टर मात्र पेशंट वारला की त्या दारात जायला कचरतो. मीही कचरत असे. एका आजोबांच्या घरी मी चौथ्या दिवशी गेलो तेव्हा त्यांची सून म्हणाली, “तुम्ही येशीला असं वाटलं न्हवतं, डॉक्टर.” त्या एका वाक्याने मला राजकारण जेवढं कळलं तेवढं वाचून कळलं नव्हतं.

७. डॉक्टर खासदार झाला तर सीपीआर, म्हणजे आपलं कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, सुधारेल का?

थेट नाही, आणि हे मतदारांना प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, रुग्णालयं आणि दवाखाने हे राज्यसूचीत आहेत. सीपीआर राजर्षी शाहू मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे आणि ते राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याखाली येतं. केसपेपरच्या खिडकीसमोरची रांग, रिकाम्या जागा, औषधखरेदी ही सगळी मुंबईची कामं. त्यासाठी आमदाराला आणि मंत्र्याला धरायचं.

खासदाराच्या हातात तरी बरंच आहे. वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, त्यातून सरकारी रुग्णालयाला उपकरणं आणि रुग्णवाहिका देता येतात. जिल्ह्यातल्या केंद्रीय योजनांचा आढावा घेणारी ‘दिशा’ समिती असते, तिचा अध्यक्ष खासदार असतो आणि राष्ट्रीय आरोग्य अभियान तिच्यासमोर येतं. वैद्यकीय शिक्षण समवर्ती सूचीत असल्यामुळे त्यावर कायदा संसदेत होतो. आणि आरोग्य खात्याची ३१ जणांची स्थायी समिती आहे. डॉक्टर खासदाराने तिथे जागा मिळवून नीट काम केलं तर ते शंभर भाषणांना भारी. फाईलमध्ये ‘प्रसूतीतील रक्तस्राव’ असं लिहिलेलं असतं. ज्याने रात्री दोनला तो रक्तस्राव पाहिला आहे तो योग्य प्रश्न विचारतो: गडहिंग्लजहून निघालेली बाई कोल्हापूरला पोचेपर्यंत रक्त कुठे मिळणार?

८. डॉक्टर राजकारण्यांनी खरंच काही करून दाखवलं का, की नुसतं नाव?

दाखवलं, आणि ज्यांनी दाखवलं त्यांनी एकच रोग किंवा एकच प्रश्न हातात धरून शेवटपर्यंत सोडला नाही. हेच मला या सगळ्या वाचनातून दिसत आलं.

पोलिओ बघा. कान-नाक-घशाचे डॉक्टर असलेले हर्षवर्धन दिल्लीचे आरोग्यमंत्री होते. २ ऑक्टोबर १९९४ रोजी दिल्लीत एकाच दिवशी मुलांना डोस देण्याची मोहीम झाली. पुढच्या वर्षी ती देशभर गेली. तुमच्या गल्लीतल्या शाळेत रविवारी बूथ लागायचा, पोराच्या करंगळीला शाई लागायची, ती हीच. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात शेवटचा पेशंट सापडला आणि २७ मार्च २०१४ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. यात लाखो अंगणवाडी सेविका, आशा, नर्स यांचे पाय झिजले आहेत, श्रेय एकट्याचं नाही. पण सुरुवातीला खुर्चीत बसलेल्या माणसाला एका दिवसाची मोहीम म्हणजे काय हे कळत होतं, याचा उपयोग झाला.

दुसरं, डॉ. वाय. एस. राजशेखर रेड्डी. आंध्रचे मुख्यमंत्री होण्याआधी त्यांनी खेड्यात प्रॅक्टिस केली होती. २००७ साली त्यांनी आरोग्यश्री सुरू केली. गरिबाची मोठी ऑपरेशन्स कार्डावर, खासगी दवाखान्यातसुद्धा. त्यानंतर २०१२ साली आपल्याकडे राजीव गांधी जीवनदायी योजना आली, तीच आता महात्मा फुले जनआरोग्य योजना. पेशंट पिवळं रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणतात आणि विचारतात, “डॉक्टर, ह्या कार्डावर बायपास बसतंय का?” या प्रश्नामागे केवढं राजकारण उभं आहे ते कार्ड उलगडताना माझ्या मनात येतंच.

तिसऱ्या सुशीला नायर. मंत्रिपद गेल्यावर १९६९ साली सेवाग्रामला त्यांनी मेडिकल कॉलेज उभं केलं. मुलांना खेड्यात नेऊन शिकवणारं कॉलेज, आजही चालू आहे.

९. खासदार झाल्यावर दवाखाना चालू ठेवता येतो का?

खासदाराला खासगी प्रॅक्टिस करायला बंदी नाही. वकील खासदारांबद्दल २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात प्रश्न गेला होता, तेव्हाही वकिली थांबवायला लावणारा नियम नाही असंच ठरलं. डॉक्टरांबाबतही तसा नियम नाही.

मंत्री झालात की गोष्ट बदलते. केंद्रीय मंत्र्यांच्या आचारसंहितेप्रमाणे पूर्वीच्या धंद्याच्या कारभारापासून हात काढून घ्यावे लागतात. स्वतःचं हॉस्पिटल असेल तर ते चालवणं बंद. पेशंटच्या बाजूने बघितलं तर अधिवेशन चालू असताना आठवड्यातले चार-पाच दिवस दिल्लीत जातात. मधुमेहाचा पेशंट तेवढा थांबत नाही. तो ज्याच्याकडे सोपवायचा त्याचं नाव निवडणुकीआधीच पेशंटला सांगितलेलं बरं.

१०. मी सरकारी मेडिकल ऑफिसर आहे. रजा टाकून निवडणूक लढवता येईल का?

नाही. सरकारी पगार घेणारं पद हे कलम १०२ प्रमाणे लाभाचं पद, आणि नागरी सेवा वर्तणुकीचे नियम राजकारणात भाग घ्यायला मनाई करतात. राजीनामा द्यावा लागतो आणि अर्जाच्या छाननीआधी तो मंजूर झालेला असावा लागतो. नुसता दिलेला चालत नाही. एका ओळखीच्या डॉक्टरचा राजीनामा टेबलावर पडून राहिला आणि त्याची संधी गेली. बाँडवरच्या, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा करणाऱ्या मुलांनाही हेच लागू, कारण त्या वर्षात तुम्ही सरकारी पगारावर असता. विनाअनुदानित खासगी कॉलेजात शिकवणाऱ्याला ही अडचण सहसा येत नाही.

११. मी सरकारी रुग्णालयात मानद डॉक्टर आहे, पगार घेत नाही. शिवाय माझ्या हॉस्पिटलचा सरकारी योजनेशी करार आहे. चालेल?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच. पहिला भाग: २००६ साली जया बच्चन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पैसे घेतले की नाही याला महत्त्व नाही, त्या पदातून पैसे मिळण्याजोगे आहेत का ते बघायचं. त्यामुळे ‘मी मानधन उचललंच नाही’ हा बचाव पुरत नाही. नेमणुकीचं पत्र काढून वाचा. निव्वळ प्रवासखर्चासारखी भरपाई असेल तर वेगळं.

दुसरा भाग: लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९-अ. सरकारला माल पुरवण्याचा किंवा सरकारी काम करून देण्याचा करार धंद्याच्या ओघात चालू असेल तर अपात्रता येते. शब्द ‘माल’ आणि ‘काम’ असे आहेत. तुमचा करार त्यात बसतो का हे निवडणुकीचा अनुभव असलेल्या वकिलाकडून लेखी घ्या. विरोधी उमेदवार छाननीच्या दिवशी हेच कागद घेऊन येतो.

१२. माझ्याकडे पेशंटचे हजारो नंबर आहेत. प्रचाराचा मेसेज पाठवला तर काय बिघडलं?

पाठवू नका. हे मी चूक करून शिकलो आहे.

काही वर्षांपूर्वी एक मित्र स्थानिक निवडणुकीला उभा होता. त्याने नंबर मागितले, मी मैत्रीखातर कंपाउंडरला सांगून वही दिली. वहीत नावापुढे नंबर होता आणि काहींच्या पुढे आमच्या खुणा होत्या, साखरेला एक, टीबीला एक. आठवड्याने एक शिक्षिका आल्या. खुर्चीत बसल्या नाहीत. “माझ्या आजाराचं त्या कार्यकर्त्याला कसं कळलं?” एवढंच विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी माफी मागितली, त्यांनी मान हलवली आणि गेल्या. पुन्हा कधी आल्या नाहीत. त्यांचा उपचार अर्ध्यात होता, ही गोष्ट मला अजून टोचते.

पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हे आपल्या नोंदणीच्या आचारसंहितेत आहेच. पण नियम नसता तरी ती वही त्या बाईंची होती, माझी नव्हती.

१३. मग निवडणुकीच्या तोंडावर मोफत आरोग्य शिबिर घेतलं तर?

वर्षानुवर्षं घेत असाल तर घ्या, पण आचारसंहिता लागल्यावर पक्षाचं चिन्ह, फोटो, औषधवाटप असलं काही नको. मतांसाठी फुकट काही देणं हा कायद्याने भ्रष्ट आचार ठरू शकतो आणि निवडूनही निवडणूक रद्द होऊ शकते.

१४. नावाआधी ‘डॉ.’ लावलं तर मतदान यंत्रावर नाव वर येतं का?

नाही. पदवी लावता येते, पण क्रम लावताना ती धरत नाहीत. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावाच्या अक्षराप्रमाणे.

१५. डॉक्टर खासदार डॉक्टरांच्या बाजूने असतो की पेशंटच्या?

२०१९ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा कायदा आला तेव्हा तो मांडणारे आरोग्यमंत्री स्वतः डॉक्टर होते आणि देशभर संपावर गेलेलेही डॉक्टरच होते. जुनी मेडिकल कौन्सिल २०२० साली गेली. मी त्या कायद्याच्या सगळ्या कलमांशी सहमत नाही. पण तुमच्याच पेशातला माणूस तुमच्याविरुद्ध निर्णय घेऊ शकतो, आणि घ्यायलाही हवा, कारण त्याला मतं डॉक्टरांनी दिलेली नसतात.

१६. हरल्यावर किंवा कंटाळल्यावर परत प्रॅक्टिस करता येते का?

येते, नोंदणी जिवंत असेल तर. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी डॉक्टरांच्या परिषदा-व्याख्यानांना हजर राहून मिळणारे ३० क्रेडिट पॉइंट लागतात. राजकारणात गेलेल्यांची गाडी इथेच अडते. मार्च २०२४ मध्ये हर्षवर्धन यांनी निवृत्ती जाहीर केली तेव्हा दिल्लीच्या कृष्णानगरमधला आपला दवाखाना वाट बघतोय असं त्यांनी लिहिलं होतं.

हात मात्र राहत नाही. सर्जनने दहा वर्षं चाकू धरला नाही तर आधी दुसऱ्याच्या ऑपरेशनला उभं राहावं. फिजिशियनला औषधं नव्याने शिकावी लागतात. दहा वर्षांपूर्वीची मधुमेहाची चिठ्ठी आणि आजची चिठ्ठी समोर ठेवून बघा.

१७. डॉक्टर, तुम्ही कधी उभं राहणार?

२०१९च्या पुरानंतर शिरोळकडच्या छावणीत हा प्रश्न मला दिवसातून चारदा ऐकायला मिळाला. “तुम्ही उभा ऱ्हावा की, आमी हाय न्हवं!” मी तेव्हा पायांना चिखल्या झालेल्या लोकांना मलम देत होतो आणि लेप्टोच्या (पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळ्या मोजत होतो. नाही, मी उभा राहणार नाही. मला ओपीडी सोडवत नाही. पण त्या छावणीत बीपीच्या आणि इन्सुलिनच्या औषधांची टंचाई पडली होती, ते मी तारखांसह लिहून खासदार आणि आमदार दोघांनाही पाठवलं. दर पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यात, ते पत्र मी नव्याने पाठवतो. तुमच्या गावातल्या औषधांची यादी असेल तर दवाखान्यात आणून द्या, पुढच्या पत्राला जोडतो.